वाढीचा वाटा

दसऱ्याच्या सकाळी झेंडूची तोरणं अजून अर्धीच ओवून झाली होती, तेवढ्यात चौक गावच्या सोयऱ्यांची बैलगाडी दारात येऊन थांबली आणि ओटीवर बसलेल्या आबाजींनी कान टवकारले. सोयरे सोनं लुटायला येतात ते संध्याकाळी. सकाळच्या पारी येतात ते एकतर मयताचा निरोप घेऊन, नाहीतर भांडायला.

"कोन कोन हाय रं गाडीत?" त्यांनी ओटीवरूनच विचारलं. मोतीबिंदूनं दोन्ही डोळ्यांवर साय धरल्यापासून त्यांना माणूस दिसायचा तो नुसता ठिपका.

"सदू व्याही हायेत," त्यांचा थोरला लेक धाकलू म्हणाला, आणि मग आवाज बारीक करून, "आन् त्यांची आय."

"अंबाबाय? मेलो!"

अंबाबाईंनी ते ऐकलं. डोळे, कान, जीभ, तिन्ही शाबूत असलेली बाई ती. काठी टेकत ओटीवर चढली आणि म्हणाली, "सणाचं मरू नका आबाजी. आधी माझं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा."

गूळपाणी झालं. धाकलूच्या पोराची, विठूची काकी भागूबाई, आबाजींची विधवा धाकटी सून, डोईवरचा पदर सावरत ताकाचे पेले ठेवून गेली. अंबाबाई म्हणाली, "तू बी घे की गं घोटभर, किती वाळलीस!" तशी ती दारातूनच पुटपुटली, "माझा उपास हाय."

"आज कसला उपास?"

"सोमवार राहिला होता मागं एक. तो करते."

"हिचे सोमवार आठवड्यातनं तीनदा येतात," आबाजी म्हणाले. "चार वर्सं झाली, महादेवाला बी कटाळा आला असंल." पण बोलताना त्यांचा ऊर थोडा फुगलाच. अशी देवभक्त सून दहिवलीत दुसऱ्या कुणाच्या घरात होती? धाकटा लेक पटकीत गेला, त्याच्या मागोमाग थोरली सून, विठूची आई गेली. त्यानंतर या घराची चूल आणि आईवेगळं पोर, दोन्ही भागूनं एकटीनं सांभाळलं. तिच्या उपासांचं कौतुक आबाजी चारचौघांत मुद्दाम काढायचे.

सदू नुसता खाकरत होता. शेवटी अंबाबाईनंच कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्यातून एक पिवळं सूत काढलं.

"वळखलंत?"

आबाजींनी बोटांनी चाचपलं. हळद कधीच उडून गेली होती, पण त्यांनी ओळखलं. तीन वर्षांपूर्वी विठूची आणि सदूच्या सुंदराची सुपारी फुटली, तेव्हा याच ओटीवर अंबाबाईनं विठूला उभं करून टाचेपासून टाळूपर्यंत हे सूत धरलं होतं. नवऱ्याचा अंगरखा नवरीकडच्यांनी शिवायचा, म्हणून हे माप. पण अंगरख्याचं कापड घेण्याआधीच मुंबईहून गाठीचा ताप आला, लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिले, कसली लग्नं आणि कसलं काय! पुढच्या साली सुंदराची आई गेली. लगीन राहिलं ते राहिलंच.

"हे तुमच्या विठूचं," अंबाबाई म्हणाली. मग दुसरं, तांबडं सूत काढलं. "आन् हे आमच्या सुंदरीचं. काल माझ्या हातानं घेतलं. बघा."

दोन्ही सुतांची टोकं तिनं आबाजींच्या हातात दिली. त्यांनी एका टोकाला गाठ जुळवली आणि सूत ओढत ओढत दुसऱ्या टोकाशी आले. तांबडं सूत दोन बोटं पुढं गेलं होतं.

"पोरीला खाऊ तरी काय घालता?" ते पुटपुटले.

"आमच्यात पोरींना बी जेवाय घालतात आबाजी."

सदूला बोलायची लाज वाटत होती, पण बोलावं लागलंच. "आबा, तुमच्या घराला नावं ठेवायची न्हायीत. पोरगा गुनाचा हाय. पन गाव हसंल. अंतरपाट धरल्यावर नवरीच वरनं वाकून बघंल म्हनतील. सुपारी परत घ्यावी म्हनतो आमी."

"पोरगी काय म्हनती?" धाकलूनं विचारलं.

"पोरगी म्हनती, मला चालतंय, मी वाकून चालीन," अंबाबाई म्हणाली. "मला नाय चालत. जलमभर वाकून चालायला मी नात वाढवली नाय."

सुपारी परत जायची म्हणजे काय, हे आबाजींना कुणी सांगायला नको होतं. एकदा परत गेली की कर्जतपासून खालापूरपर्यंत प्रत्येक गाव विचारणार, पोरात खोट काय होती? आणि डोळ्यांची साय दिवसागणिक घट्ट होत चाललेली. विठूच्या डोक्याला बाशिंग बांधलेलं, ठिपक्याएवढं का होईना, बघून जायचं एवढंच त्यांचं उरलं होतं. थोरली सून जाताना त्यांनी तिला शब्द दिला होता.

"अजून वाढंल की तो," धाकलू चाचरत म्हणाला. "इसाचा तर हाय. अक्कलदाढ येईस्तवर वाढतंय पोरगं, असं म्हनत्यात."

"कसली अक्कलदाढ?" सदू म्हणाला. "मिसरूड फुटलं की फार तर दोन वर्सं. मग संपलं."

"ह्या! माझा भाऊ बाशिंग बांधलं तवा माझ्या खांद्याला होता," अंबाबाई म्हणाली. "पयलं पोर झालं तवा चौकटीला थडकाय लागला. बाप्याच्या जातीचं काय सांगावं!"

"ज्याचं त्याचं हाड," आबाजी म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता, पण ताठा जाईना. "आमच्यात अंदाजपंचे नाय चालत. आमच्यात खांब सांगतो."

झालं! हे आता येणारच होतं. घराच्या मधोमध, माजघराच्या तोंडाशी, ऐनाच्या लाकडाचा तो खांब. आबाजींच्या बापानं उभा केलेला. दर दसऱ्याला घरातल्या वाढत्या पोराला त्याला टेकून उभं करायचं आणि टाळूच्या वर कोयत्यानं खूण करायची. खूण जोवर वर सरकते तोवर पोराला वाढीचा वाटा. म्हणजे सगळ्यांच्या जेवणावर एक जास्तीची नाचणीची भाकर आणि दुधाची वाटी. ज्या दसऱ्याला खूण जुन्या खुणेवरच पडली, त्या दसऱ्याला पोरगा थांबला. वाढीचा वाटा बंद, नांगर हातात, आणि मागाहून सुपारी फोडायला मोकळं. बाकीचे लोक दुधाचे दात पडायच्या आत लग्नं लावून मोकळे होत होते त्या काळात या घरात हाड पुरं होईस्तवर थांबायची रीत होती, आणि आबाजींना तिचा कोण अभिमान! विठू सोळाव्या सालीच थांबला. खूण जुन्या खुणेत अशी चपखल बसली की कोयता सरकवायलाही जागा नव्हती. आबाजींनी स्वतः अंगठा फिरवून बघितलं आणि सगळ्यांदेखत वाटा बंद केला.

"मग पुन्यांदा उभा करा खांबाला," अंबाबाई म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघते."

"नाय. एकदा थांबला की पुन्यांदा खांबाला लावायचं नाय. दिष्ट लागती. रीत हाय आमची."

"रीत तुमची आन् वाकायचं माझ्या नातीनं?"

तेवढ्यात दारात ठक्क करून मोठा आवाज झाला, वरचं अर्धं तोरण सुटून खाली आलं आणि कोणीतरी कळवळून म्हणालं, "आयायाय गं!"

"सावकाश की रं!" आतून भागूबाई ओरडली. "दर खेपेला तेच!"

"हा कोन?" अंबाबाईनं काठी उचलली.

"विठू आमचा," धाकलू म्हणाला. "पळसदरीला हाय न्हवं, घाटात आगगाडीच्या लायनीवर गँगमदी. सणाची सुट्टी काढून आला."

विठू कपाळ चोळत आत आला, सोयरे बघून गडबडला, आणि आबाजींच्या पाया पडायला खाली बसला तो बसूनच राहिला. थोरल्यांपुढं उभं राहायचं नाही ही त्याची सवय. वर्षातले आठ महिने तो रुळांवर, आणि घरी आला की हा असा पायांशी. आबाजींच्या हाताला नातवाचं डोकं नेहमी गुडघ्याच्या उंचीवरच लागायचं.

"ऊठ रं," अंबाबाई म्हणाली. "उभा ऱ्हा. ताठ ऱ्हा!"

तो उभा राहिला. म्हातारी त्याच्याकडे मान वर करून बघतच राहिली. मग तिनं सदूला खाली बसवलं, पिवळ्या सुताचं टोक विठूच्या टाचेशी धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन स्वतः वर वर गेली. सूत विठूच्या भुवईशी संपलं.

"आखडलं!" सदू म्हणाला. "आय, सूत आखडलं!"

"गप रं. तांबडं घे."

तांबडं सूत भुवई ओलांडून कपाळावर गेलं आणि तिथंच थांबलं. अंबाबाईनं आपला हात आडवा धरून उरलेल्या जागेवर ठेवला. चार बोटं बसली. हसू दाबायला तिनं पदर तोंडाशी नेला, पण दात नसलेलं ते हसू कुठून दाबलं जाणार!

"आबाजी, तुमचा खांब काय बी म्हनो. माझ्या सुंदरीला वर बघून बोलायला लागंल याच्याशी!"

"म्हंजी वाढलाच हा!" धाकलू कपाळावर हात मारून म्हणाला. "आन् मला वाटायचं, मीच आखडाय लागलोय! दर खेपेला पोरगा आला की मी त्याच्या खांद्याकडं आनखी खाली. म्हनलं, वय झालं आपलं."

"मग बोलला का नाय रं?" आबाजींनी विचारलं.

"खांबाच्या म्होरं काय बोलायचं बाबा?"

सगळे हसले. सदूचा तर जीव भांड्यात पडला, त्यानं तिथल्या तिथं विठूला मिठी मारली. आबाजी मात्र खांबाच्या दिशेनं तोंड करून बसले होते. सुपारी वाचली याचा आनंद उरात मावत नव्हता, आणि त्याच आनंदाला खांब आडवा येत होता. वाढला कसा? थांबलेलं पोरगं वाढलं कसं?

तेव्हा विठू त्यांच्या जवळ आला आणि पुन्हा खाली बसला.

"आबा, आज सोयऱ्यांच्या म्होरं बोलतो. लई दिसांपासनं मनात हाय," तो म्हणाला. "तुमी चारचौघांत माझा वाटा बंद केला, कारन रीत. पन मागनं काकीला सांगितलंत, की पोरगं अजून उपाशी उठतंय, त्याला गुपचूप देत जा, आन् मी दिलंय हे बोलू नको. काकीनं मला तवाच सांगितलं. रोज भाकर आन् दूध. पळसदरीला जातो तवा बी माझ्या गाठोड्यात जास्तीच्या भाकऱ्या असतात. त्यावर वाढलो मी. तुमचे उपकार हायेत."

अंबाबाईनं हात जोडले. "असा आजा पायजे! बाहेरनं फनस आन् आतनं गरे!"

आबाजींनी काही दिलं नव्हतं.

कधी सांगितलं नव्हतं. पण काय गोड वाटलं ते ऐकायला! सोयऱ्यांदेखत, लेकादेखत, नातवाच्या तोंडून. नुसती मान हलवली असती तरी भागत होतं. घटकाभर त्यांना वाटलं, हलवावी. आत चुलीपाशी कालथ्याचा आवाज थांबला होता. भागू ऐकत होती, आणि ती काही बोलणार नाही हे आबाजींना पक्कं ठाऊक होतं. चार वर्षं बोलली नाही ती आज काय बोलणार! आणि घरात दाणा तर त्यांच्याच मापानं निघायचा. पायलीला चिमूट जास्त नाही. मग ही रोजची भाकर आली कुणाच्या ताटातली?

राहिलेले सोमवार, पुढचे सोमवार, गुरुवार, एकादशा, चतुर्थ्या. एकेक त्यांना आठवायला लागला. वाळलीस किती, असं अंबाबाई आत्ताच म्हणाली होती. बोटाएवढं सुताचं टोक ओळखणाऱ्या माणसाला घरातली बाई वाळलेली कळली नव्हती.

"भागे," त्यांनी हाक मारली. "बाहेर ये."

ती येऊन दाराआड उभी राहिली.

"खांबाचं काय झालं? खांब खोटं बोलला का?"

"खांब खोटा नाय मामंजी," ती हळूच म्हणाली. "खांब उचललाय."

"म्हंजी?"

"त्या साली बुडाशी वाळवी लागली होती. तुमी शेतावर होता तवा वाडीवरच्या वाघ्या गड्यानं कुजका बुडखा कापला आन् खाली दगड बसवला, लायनीखालच्या मोरीच्या कामातनं उरलेला, थोरल्या भावजींनी गाडीत घालून आनलेला. कापलं थोडं, दगड उंच. सगळ्या खुना वर गेल्या. विठू बी त्या साली तेवढाच वाढला होता, म्हनून खुनेवर खून पडली."

आबाजी उठले. धाकलूचा हात त्यांनी झिडकारला आणि चाचपडत खांबापाशी जाऊन खाली बसले. सारवणाचे थर चढून चढून बूड गोल झालं होतं. त्यांनी नखानं खरवडलं. शेणाचा पोपडा निघाला आणि खाली गार, घडीव दगड हाताला लागला.

"हे तुला कवापासनं ठाव?"

"पयल्यापासनं. मीच सारवते न्हवं."

"मग तवाच का नाय बोललीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तुमी म्हनलात, खांब माझ्या बापानं उभा केलाय, तू चुलीकडं बघ. मग मी चुलीकडं बघितलं."

अंबाबाई "अगं बाई!" म्हणून खालीच बसली. विठू आबाजींकडे बघत होता आणि मग काकीकडे, आणि त्याला ते समजत गेलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"काकी, ती भाकर..."

"तू माझ्या ताटातली घेतली असतीस का रं?" ती पहिल्यांदाच जरा रागानं बोलली. "म्हनून आबांचं नाव सांगितलं. धोतर घोट्याच्या वर जात होतं तुझं, घोंगडीतनं पाय बाहेर येत होते. मला दिसत नव्हतं का?"

आबाजी खांबाला पाठ टेकून तसेच बसले होते. लाज वाटत होती का? वाटत होती. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं आणि ते डोळ्यांवाटे बाहेर यायला लागलं. बरं झालं, बरं झालं देवा, या बाईनं माझं ऐकलं नाही! ऐकलं असतं तर आज सुपारी परत गेली असती, आणि मी खांबाला कवटाळून बसलो असतो.

"विठू," ते म्हणाले, "मी काय बी दिलं नाय. मी बंद केलं ते बंदच होतं. पाया पडायचं तर तिकडं पड."

विठू दाराशी गेला आणि वाकला तो तिच्या पायांवर कपाळ टेकूनच राहिला. ती त्याला उठवायला लागली, "अरं ऊठ, करपंल की चुलीवरचं," असं काहीबाही बोलत.

"आन् अंबाबाय," आबाजी नाक पुसत म्हणाले, "अंगरख्याचं नवं माप काढा. सूत भागू धरंल."

"मी? शुभकार्याला?" भागूबाई मागं सरकली. "मी कशी धरू? मी..."

"मी बी तसलीच हाय गं," अंबाबाई म्हणाली. "मागचं सूत मी धरलं, तर पोरगा वाढलाच की! ये इकडं."

हळदीचं ओलं सूत आलं. विठूच्या टाळूपर्यंत भागूबाईचा हात पोचेना, तेव्हा धाकलूनं तिच्या पायाखाली पाट सरकवला. पाटावर चढून, चवड्यांवर उभी राहून तिनं सूत धरलं आणि गाठ मारली. तिच्या हातून गाठ दोनदा सुटली. संध्याकाळी गावात सोनं वाटताना सदू ही गोष्ट ज्याला त्याला सांगणार होता, पण आत्ता तो नुसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

दुपारी पत्रावळी मांडल्या. वालाचं बिरडं, कढी, तांदळाच्या भाकऱ्या, गुळाची खीर. पुरुषांची पंगत बसली तरी आबाजी बसेनात.

"भागे, तुझी पत्रावळ कुठं हाय?"

"बायका मागनं मामंजी."

"विठूच्या शेजारी मांड. अंबाबायची बी मांड."

अंबाबाईनं तिला दंडाला धरून खाली बसवलं. आबाजी भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात शिरले, जन्मात पहिल्यांदा, आणि आत भांडी पाडल्याचे दोन-तीन आवाज झाले. कोणी उठलं नाही. ते बाहेर आले तेव्हा एका हातात नाचणीची भाकर होती आणि दुसऱ्या हातात दुधाची वाटी, निम्मी हिंदकळलेली. चाचपडत त्यांनी दोन्ही भागूच्या पत्रावळीवर ठेवलं.

ती मान खाली घालून म्हणाली, "माझा उपास हाय."

"ज्याच्यासाठी धरला होतास तो वाढला," आबाजी म्हणाले. "आता सोड पोरी."

भागूबाईनं भाकर मोडली. मोडली आणि चार वर्षांच्या सवयीनं तिचा हात अर्धी भाकर घेऊन शेजारच्या पानाकडे गेला.

विठूनं दोन्ही हात आपल्या पत्रावळीवर आडवे धरले.